पॉलिकार्बोनेटमध्ये कार्बन नॅनोट्यूब: दाबलेली चकती वीज वाहते, ट्रे मात्र वाहत नाही

साचेघर (धागाकर्ता)

नमस्कार. चाकण परिसरात आमचा इंजेक्शन मोल्डिंगचा छोटा कारखाना आहे आणि इलेक्ट्रॉनिक सुटे भाग ने-आण करण्याचे ट्रे हे आमचे मुख्य काम आहे. अशा ट्रेवर स्थिर विद्युतभार साठून चालत नाही, कारण तो एखाद्या चिपमधून एकदम वाहून गेला तर चिप निकामी होते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आजवर आम्ही कार्बन ब्लॅक घातलेला माल वापरत होतो. त्यात वीज वाहण्यासाठी शेकडा पंधरा-वीस भाग काजळी घालावी लागते, त्यामुळे माल ठिसूळ होतो आणि ट्रे एकमेकांवर घासले की कडांची काळी भुकटी सुटते. ग्राहकाला ती भुकटी अजिबात नको आहे, म्हणून आम्ही पॉलिकार्बोनेटमध्ये बहुभित्ती कार्बन नॅनोट्यूब (एकात एक भिंती असलेल्या कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) वापरायचे ठरवले.

पुरवठादाराकडून १५ टक्के नॅनोट्यूब असलेला मास्टरबॅच, म्हणजे नंतर शुद्ध प्लॅस्टिक घालून पातळ करायचा दाट माल, घेतला. अंतिम मालात २ टक्के नळ्या याव्यात म्हणून १३.३ किलो मास्टरबॅचला ८६.७ किलो शुद्ध पॉलिकार्बोनेट असे प्रमाण धरले, दोन्हींचे दाणे १२० अंशांवर वाळवून कोरडेच एकत्र केले आणि थेट मोल्डिंग मशीनच्या हॉपरमध्ये (दाणे भरण्याच्या नरसाळ्यात) ओतले. याच प्रमाणाची, प्रेसमध्ये दाबून केलेली चकती पुरवठादाराने नमुना म्हणून पाठवली होती; तिचा पृष्ठरोध १०^४ ओहमच्या आसपास भरतो. आमच्या ट्रेवर मात्र एका कोपऱ्यात १०^६ आणि तिथून वीतभर अंतरावर १०^११ च्याही वर आकडा येतो. ग्राहकाने घातलेली मर्यादा १०^९ ची आहे. पुरवठादार म्हणतो की माल बरोबर आहे, साचा बनवणारा म्हणतो की साचा बरोबर आहे. नळ्यांचे प्रमाण ४ टक्क्यांवर न्यावे का, की दोष दुसरीकडे शोधावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वितळबिंदू

प्रमाण वाढवण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २ टक्के नळ्या पुरेशा आहेत की नाहीत, याचा अंदाज कागदावरही करता येतो.

प्लॅस्टिकमध्ये नळ्या एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या पाहिजेत की या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जाळे तयार होईल. ज्या प्रमाणाला असे जाळे प्रथम जुळते आणि रोध एकदम कित्येक घातांनी कोसळतो, त्याला पर्कोलेशनचा उंबरठा म्हणतात. कोणत्याही दिशेला पडलेल्या लांब, बारीक काड्यांसाठी हा उंबरठा ढोबळमानाने ०.७ भागिले लांबी-व्यासाचे गुणोत्तर इतका येतो, आणि तो आकारमानाच्या हिश्श्यात असतो. बेल्जियमच्या नॅनोसिल कंपनीच्या एनसी ७००० या बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या प्रकाराचे उदाहरण घ्या. त्या नळ्यांचा सरासरी व्यास ९.५ नॅनोमीटर आणि सरासरी लांबी दीड मायक्रॉन दिलेली आहे. गुणोत्तर सुमारे १५८, म्हणून उंबरठा आकारमानाने ०.४४ टक्के. नळ्यांची घनता १.७५ आणि पॉलिकार्बोनेटची १.२ धरली, तर वजनाने तो साधारण ०.६५ टक्के होतो. दाबून केलेल्या चकत्यांवर प्रत्यक्षात मिळणारे आकडेही याच्याच आसपासचे असतात. म्हणजे २ टक्क्यांवर आपण उंबरठ्याच्या तिप्पट वर आहोत.

मग हा फायदा जातो कुठे? दोन वाटांनी जातो. पहिली वाट म्हणजे न फुटलेल्या गाठी. नळ्या तयार होतात तेव्हाच त्या लोकरीच्या गुंत्यासारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात आणि शेजारच्या नळ्यांमधील व्हॅन डर वाल्स आकर्षण प्रत्येक ठिकाणी क्षीण असले, तरी संपूर्ण लांबीवर मिळून ते मोठे होते. ही गाठ सुटण्यासाठी आधी वितळलेला माल तिच्या पोकळ्यांत शिरावा लागतो. नंतर ताणाने ती फुटते, आणि तिच्या पृष्ठभागावरून एकेक नळी सोलली जाते. या तिन्ही गोष्टींना वेळ आणि कर्तनबल (मालाचे थर एकमेकांवरून सरकवणारे बल) लागते. ते देण्याची ताकद एकाच दिशेने फिरणाऱ्या दोन स्क्रूंच्या एक्स्ट्रुडरमध्ये असते, कारण त्याच्या मळणाऱ्या चकत्यांमधून माल पुन्हा पुन्हा पिळला जातो. तुमच्या मोल्डिंग मशीनचा एकच स्क्रू मुळात माल वितळवण्यासाठी आणि पुढे ढकलण्यासाठी आहे. शिवाय मास्टरबॅचचा दाणा शुद्ध पॉलिकार्बोनेटच्या दाण्यापेक्षा कितीतरी घट्ट वितळतो, त्यामुळे पातळ माल त्याच्या भोवतीने निघून जातो आणि दाणा तसाच घरंगळत पुढे सरकतो. वीतभर अंतरावर रोधात पाच घातांचा फरक पडतो, तेव्हा मला सर्वप्रथम याचाच संशय येतो.

दुसरी वाट याच्या अगदी उलट आहे. गाठी फोडण्यासाठी लावलेल्या बलानेच नळ्या तुटतात. एक्स्ट्रुडरमधून बाहेर पडलेल्या मालातील नळ्या मूळ लांबीच्या निम्म्याहूनही आखूड झालेल्या आढळतात. लांबी निम्मी झाली की वरच्या सूत्राप्रमाणे उंबरठा दुप्पट होतो, म्हणजे ०.६५ चा १.३ टक्के होतो आणि तुमचे २ टक्के एकदम काठावर येतात. म्हणून स्क्रूचा वेग केवळ वाढवत नेणे हा उपाय नव्हे. प्रति किलो मालाला किती यांत्रिक ऊर्जा दिली याची नोंद ठेवणारे कारखाने कमी आहेत, पण ती ठेवली पाहिजे. हिशोब सोपा आहे: टॉर्क आणि फेऱ्यांवरून निघणारी शक्ती भागिले तासाला निघणारा माल.

ओहम

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु निदान केल्याशिवाय औषध देऊ नये. साचेघर, आपल्याकडे सध्या पडून असलेल्या ट्रेवरच तीन चाचण्या कराव्यात, त्यांना फार खर्च येत नाही.

पहिली चाचणी डोळ्यांची आहे. ट्रेच्या खराब जागेतून पाच-दहा मायक्रॉन जाडीचा काप मायक्रोटोमवर (अतिपातळ काप काढण्याच्या यंत्रावर) काढून साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. नळ्या नीट विखुरल्या असतील तर काप सर्वत्र सारखा करडा दिसतो; गाठी राहिल्या असतील तर करड्या पार्श्वभूमीवर काळे ठिपके दिसतात आणि मास्टरबॅच मिसळलाच नसेल तर गडद-फिकट पट्टे वळणे घेत गेलेले दिसतात. ठिपके आणि पट्टे हे दोन वेगळे आजार आहेत, ते एकत्र मोजू नयेत. एक मात्र लक्षात ठेवावे, की या सूक्ष्मदर्शकाला एक मायक्रॉनच्या आतले काही कळत नाही.

दुसरी चाचणी खरवडण्याची. खराब जागेचा रोध मोजावा, मग तिथला वरचा पापुद्रा बारीक पॉलिश कागदाने काढून टाकावा आणि त्याच जागी पुन्हा मोजावे. दोन्ही वेळा मापकाची टोके जिथे टेकतात तिथे चांदीचा लेप लावावा, नाहीतर टोक आणि प्लॅस्टिक यांच्यामधला रोधच मोजला जातो. पापुद्रा काढल्यावर रोध एकदम उतरला, तर नळ्या आत व्यवस्थित आहेत आणि दोष फक्त कातडीत आहे.

तिसरी चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते. खराब जागेचा तुकडा कापून प्रेसमध्ये २८० अंशांच्या आसपास काही मिनिटे, माल वाहणार नाही इतक्या हलक्या दाबाखाली, स्वस्थ ठेवावा आणि थंड करून मोजावा. रोध खाली आला, तर नळ्यांचे प्रमाण पुरेसे आहे आणि जाळे फक्त मोडलेले होते, असा त्याचा अर्थ होतो. नाही आला, तर तिथे नळ्या पोचल्याच नाहीत किंवा त्या फार आखूड झाल्या आहेत.

साचेघर

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही मनापासून आभार. मायक्रोटोमचे काप पुण्यातील एका प्रयोगशाळेतून करून घेतले. त्यात स्पष्ट गडद पट्टे दिसले, काळे ठिपके मात्र तुरळक होते. खरवडल्यावर सर्वच जागांचा रोध उतरला. काही ठिकाणी तो १०^११ वरून १०^५ पर्यंत आला. प्रेसमध्ये ठेवलेला तुकडा थेट १०^४ वर आला, म्हणजे पुरवठादाराच्या चकतीइतका. हे पाहून समाधानही वाटले आणि कोडेही पडले, कारण नळ्या तर सर्व आहेत. मग मोल्डिंगमध्ये त्यांचे नेमके काय होते?

काजळरेघ

मध्येच एक प्रश्न विचारतो. नळ्या प्लॅस्टिकमध्ये विरघळल्यासारख्या मिसळत नाहीत ही मूळ अडचण असेल, तर आम्लप्रक्रियेने त्यांच्या पृष्ठभागावर कार्बोक्झिल गट बसवून त्या प्लॅस्टिकशी जुळणाऱ्या का करू नयेत? आमच्या महाविद्यालयात इपॉक्सीसाठी आम्ही तसे करतो आणि नळ्या द्रवात फार छान विखुरतात.

वितळबिंदू

काजळरेघ, इपॉक्सीच्या बळकटीसाठी तुमचा मार्ग योग्य आहे. वाहकतेसाठी तो सहसा महागात पडतो. नळीची वाहकता तिच्या भिंतीतील अखंड षट्कोनी जाळीतून येते आणि प्रत्येक कार्बोक्झिल गट त्या जाळीत एक खोट निर्माण करतो. तीव्र आम्लात उकळल्याने नळ्या तुटतात, ते वेगळेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दोन नळ्या एकमेकींना प्रत्यक्ष टेकत नाहीत. त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा काही नॅनोमीटरचा पडदा असतो आणि इलेक्ट्रॉन तो पडदा ओलांडून उडी घेतात. पडदा किंचित जाड झाला तरी उडी अनेक पटींनी अवघड होते. नळीला प्लॅस्टिकची ओढ फार लावली, की प्रत्येक नळी आपल्याभोवती घट्ट आवरण घेऊन एकटी बसते.

यातूनच मला या धाग्यावर सर्वांत आग्रहाने मांडायचा मुद्दा येतो. ‘नळ्या जितक्या चांगल्या विखुरतील तितकी वाहकता अधिक’ असे आपण सगळेच गृहीत धरतो, आणि ते अर्धेच खरे आहे. आपल्याला जाळे हवे असते. मूळ गाठी फुटल्याच पाहिजेत, परंतु सुटलेल्या नळ्या नंतर पुन्हा सैलसर एकत्र आल्या पाहिजेत. डार्मस्टाट येथील जर्मन प्लॅस्टिक संस्थेत वितळलेल्या मालाची वाहकता एक्स्ट्रुडर चालू असतानाच मोजली गेली, तेव्हा हेच दिसले की माल कर्तनाखाली असताना वाहकता कोसळते आणि माल वितळलेल्या अवस्थेत स्वस्थ राहिला की ती हळूहळू सावरते. साचेघर, तुमच्या प्रेसमधल्या तुकड्यात हेच घडले आहे.

आता मोल्डिंगकडे येऊ. माल साच्यात शिरतो तेव्हा भिंतीला टेकलेला थर तत्क्षणी गोठतो. त्या थरातील नळ्या प्रवाहाच्या दिशेने ओढल्या गेलेल्या असतात, समांतर पडलेल्या नळ्या एकमेकींना कमी ठिकाणी भेटतात, आणि जाळे पुन्हा विणायला त्यांना वेळच मिळत नाही. आतला माल काही सेकंद अधिक गरम राहतो, म्हणून तिथे जाळे बरेच सावरते. तुम्ही पापुद्रा काढल्यावर रोध उतरला तो यामुळे. ड्रेस्डेनच्या लायब्निझ पॉलिमर संशोधन संस्थेत नॅनोट्यूब घातलेल्या पॉलिकार्बोनेटच्या पट्ट्यांवर याचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. त्यात साच्याचे तापमान आणि होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावर मालावर धरून ठेवलेला दाब) यांच्यापेक्षा इंजेक्शनचा वेग आणि मालाचे तापमान हेच निर्णायक ठरले. वेग कमी आणि माल गरम, असे असताना रोध सर्वांत कमी मिळाला.

म्हणून माझी सूचना अशी. हॉपरमध्ये कोरडे मिश्रण करणे थांबवा. गडद पट्टे त्याचेच आहेत. मास्टरबॅच पातळ करण्याचे काम दोन स्क्रूंच्या एक्स्ट्रुडरवर करून घ्या आणि ते मिश्रण करून देणाऱ्या कंपाउंडरला सांगा की सुरुवातीच्या भागात बॅरलचे तापमान तुलनेने कमी ठेवावे, कारण घट्ट मालातून गाठींवर अधिक ताण येतो, आणि शेवटच्या भागात तापमान वाढवून कर्तन सौम्य ठेवावे. मग तुमच्या मशीनवर माल ३०० अंशांच्या जवळ न्या आणि इंजेक्शनचा वेग ट्रे पूर्ण भरेल इतपतच ठेवा. पॉलिकार्बोनेट नीट वाळवले नसेल तर या तापमानाला त्याच्या साखळ्या तुटतात, त्यामुळे वाळवण्यात कसूर नको, आणि माल बॅरलमध्ये विनाकारण रेंगाळू देऊ नका.

मुळशीकर

हे सर्व पॉलिकार्बोनेटबद्दल झाले. आम्ही पॉलिप्रॉपिलीनवर काम करतो, तेथील परिस्थिती अधिक कठीण आहे, कारण अध्रुवीय पॉलिप्रॉपिलीन नळ्यांना ओले करत नाही आणि थंड होताना जे स्फटिक वाढतात ते नळ्यांची मांडणी बदलतात. मात्र दोन प्लॅस्टिकचे मिश्रण करून या अडचणीतून मार्ग निघतो. एकमेकांत न मिसळणारी दोन प्लॅस्टिक अशा प्रमाणात घ्यावीत की दोन्हींचे अखंड जाळे तयार होईल, आणि नळ्या त्यांपैकी एकातच राहतील असे पाहावे. मग सर्व नळ्या अर्ध्याच जागेत एकवटतात आणि एकूण प्रमाण कमी लागते. पॉलिकार्बोनेट आणि सॅन (स्टायरीन-अॅक्रिलोनायट्राइल हे प्लॅस्टिक) यांच्या मिश्रणात तर नळ्या आधी सॅनमध्ये घातल्या तरी त्या वितळलेल्या मालातून स्वतःहून पॉलिकार्बोनेटमध्ये स्थलांतर करतात. मुंबईच्या आयआयटीत पॉलिअमाइड ६ (नायलॉनचा एक प्रकार) आणि एबीएस हे प्लॅस्टिक यांच्या मिश्रणावर झालेले कामही पाहण्यासारखे आहे. तेथे ६-अमिनोहेक्झॅनोइक आम्लाच्या सोडियम क्षाराने नळ्यांच्या गाठी सोडवल्या गेल्या. हा क्षार नळीच्या भिंतीशी रासायनिक बंध न करता जोडला जातो, त्यामुळे वितळबिंदू म्हणतात ती खोट टळते.

मोटारींच्या इंधनवाहिन्या हे या तंत्राचे सर्वांत जुने व्यावसायिक यश आहे, हेही नोंदवतो. अमेरिकेतील हायपेरियन कॅटॅलिसिस कंपनीचे नॅनोट्यूब १९९० च्या दशकापासून नायलॉनच्या इंधनवाहिन्यांत वापरले जात आहेत, कारण वाहत्या पेट्रोलमुळे इंधनवाहिनीवर भार साठतो आणि त्याची ठिणगी पडणे परवडणारे नसते.

श्वासोच्छ्वास

वरील खरवडण्याच्या चाचणीबद्दल एक इशारा देणे मला अत्यंत आवश्यक वाटते. ती चाचणी कोरड्या कागदाने आणि उघड्या तोंडाने कोणीही करू नये. पाण्याखाली घासावे आणि निघालेला गाळ पुसून बंद पिशवीत टाकावा. लांब, ताठ नॅनोट्यूब शरीरात अॅस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा दाह निर्माण करू शकतात, असे २००८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एमडब्ल्यूसीएनटी-७ या बहुभित्ती नॅनोट्यूबच्या विशिष्ट प्रकाराचे वर्गीकरण ‘माणसात कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता’ असलेल्या २-ब गटात केले. अन्य प्रकारांसाठी पुरावा अपुरा ठरला. अमेरिकेच्या निओश या कामगार सुरक्षा आणि आरोग्य संशोधन संस्थेने २०१३ मध्ये शिफारस केलेली मर्यादा, आठ तासांच्या पाळीच्या सरासरीने, घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम मूलकार्बन इतकी आहे. एवढी धूळ डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

साचेघर यांनी सुटी भुकटी न घेता मास्टरबॅच घेतला, हे फार चांगले केले. प्लॅस्टिकमध्ये बांधलेली नळी सहजासहजी हवेत येत नाही. तथापि रनर (साच्याच्या वाहिन्यांत गोठून उरलेले प्लॅस्टिक) आणि नाकारलेले ट्रे दळून पुन्हा वापरण्याचा विचार असेल, तर ग्राइंडरला बंद झाकण आणि हेपा फिल्टरची शोषणी असल्याशिवाय ते काम सुरू करू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

साचेघर

श्वासोच्छ्वास, आपली सूचना कारखान्यात तातडीने लागू केली आहे. दळण्याचे काम तूर्त बंद ठेवले आहे.

वितळबिंदू यांच्या सल्ल्याप्रमाणे माल एक्स्ट्रुडरवर करून घेतला आणि कमी वेग, अधिक तापमान या सेटिंगवर ट्रे काढले. बहुतेक सर्व पृष्ठभाग आता १०^५ ते १०^७ मध्ये आहे, तेही २ टक्क्यांवरच. अडचण एकाच प्रकारच्या जागी उरली आहे. ट्रेला खाचांच्या मध्ये चौकोनी खिडक्या आहेत. खिडकीच्या पलीकडच्या बाजूला, गेटपासून (माल साच्यात शिरतो त्या तोंडापासून) दूर, एक अरुंद पट्टा असा आहे की त्याच्या लांबीच्या दिशेने मोजले तर १०^६ आणि पट्टा ओलांडून मोजले तर १०^१०. यासाठी तरी प्रमाण थोडे वाढवावे का?

वितळबिंदू

ती वेल्ड लाइन आहे. खिडकीला वळसा घालून आलेले मालाचे दोन प्रवाह तिथे समोरासमोर येऊन मिळतात. प्रवाहाच्या पुढच्या कडेवरील नळ्या भेटीच्या रेषेला समांतर आडव्या होतात, रेषा ओलांडून जाणाऱ्या नळ्या फारच थोड्या राहतात, आणि दोन मापांतील चार घातांचा फरक हेच सांगतो. प्रमाण वाढवले तर माल घट्ट होईल, साचा भरायला दाब आणि वेग वाढवावा लागेल आणि कर्तन पुन्हा वाढेल. त्यामुळे ३ टक्क्यांवर जाऊनही ही रेषा राहण्याचीच शक्यता अधिक आहे.

या जागी साच्याचे तापमान मात्र उपयोगी पडेल, कारण दोन कडा गरम असताना भेटल्या तर नळ्यांना रेषेपलीकडे सरकायला थोडा अवधी मिळतो. ते १०० अंशांच्या आसपास नेऊन पाहा. प्रत्येक ट्रे काढायला लागणारा वेळ वाढेल, ती किंमत मोजावी लागेल. दुसरा मार्ग साच्यातच आहे. प्रवाह जिथे मिळतात तिथे बाहेरच्या बाजूला एक छोटा ओव्हरफ्लो कप्पा खोदून घेतला, तर थंड झालेली पहिली कड त्यात निघून जाते आणि मागचा गरम माल एकमेकांत घुसतो. कप्पा नंतर कापून टाकता येतो. साचा बनवणाऱ्याकडे जाण्यापूर्वी ट्रे टेबलावर ठेवल्यावर त्याचा भार जमिनीकडे कोणत्या पायांतून जातो ते पाहा. प्रत्येक खाचेपासून त्या पायापर्यंत वेल्ड लाइन न ओलांडणारा एक तरी मार्ग उपलब्ध असेल, तर ग्राहकाशी बोलून मोजण्याच्या जागा आणि दिशा रेखाचित्रातच ठरवून घेता येतील आणि साच्याला हात लावण्याची गरज पडणार नाही.